दुनळीतली दोन काडतुसं

१

चोरांनी बंदूक टाकून दिली होती आणि तिच्यातली काडतुसं तेवढी नेली होती.

चिंचाळवाडीच्या आखाड्यावर त्या दुपारी जे घडलं, त्यातली हीच एक गोष्ट फौजदार निता राठोडला पहिल्यापासून खटकली. बाकी सगळं सरळ दिसत होतं. तातेराव हे सत्तरीला टेकलेले मोठे शेतकरी, गावापासून लांब शेतातच घर बांधून राहणारे. अशा शेतातल्या घराला त्या भागात आखाडा म्हणतात. मुलगा वैजनाथ, सून पुनम आणि नातवंडं कळमनुरीला लग्नाला गेली होती. घरात तातेराव आणि त्यांच्या पत्नी द्वारकाबाई दोघंच. सालगडी गुलाबसिंग खालच्या वावरात मळणीयंत्रावर तूर काढत होता, आणि त्या यंत्राच्या घरघरीत कोणी कितीही ओरडलं तरी त्याला ऐकू जाणार नव्हतं.

तोंडाला रुमाल बांधलेले दोघं मोटारसायकलवरून आले. द्वारकाबाईंना स्वयंपाकघरात लोटून त्यांनी बाहेरून कडी घातली. तातेरावांनी भिंतीवरची दुनळी बंदूक काढली, रोखली, एकदा बजावलं आणि चाप ओढला. बार झाला नाही; कडीआडच्या द्वारकाबाईंना नुसता खटका ऐकू आला. दुसरा चाप ओढला, तोही फुकट गेला. मग त्या दोघांपैकी एकानं बंदूक हिसकावली आणि तिच्याच दस्त्यानं म्हाताऱ्याच्या डोक्यात घाव घातला. कपाटातलं सोनं घेऊन ते निघून गेले. गुलाबसिंग चहाला वर आला तेव्हा मालक ओसरीत रक्तात पडले होते आणि शेजारी दुनळी मधोमध दुमडून उघडलेली, तोंड वासून पडली होती. काडतुसांची दोन्ही घरं रिकामी.

"बंदूक इकली तर पैसाच पैसा," ठाण्याचे जमादार म्हणाले. "ती टाकली अन् दोन काडतुसं नेली. ह्ये कसले चोर?"

निता स्वतः पुसदकडच्या तांड्यावर वाढलेली, बंजाऱ्याची पोर. फौजदार होऊन या भागात आली त्याला वर्ष व्हायचं होतं, पण एवढ्यात लोकांना तिचा स्वभाव कळला होता. ती घाई करत नसे आणि एकदा बोलली की मागं घेत नसे.

त्याच संध्याकाळी ती नांदेडच्या दवाखान्यात गेली. तातेराव अर्धवट शुद्धीत होते. डॉक्टरांनी दोन मिनिटं दिली. निता वाकून विचारत राहिली, कोण होते, कसे होते, काय बोलले. तातेरावांनी कशाचंच उत्तर दिलं नाही. फक्त छताकडं बघत एकच गोष्ट दोनदा म्हणाले.

"थांबले न्हाईत. म्या बंदूक धरली तरी थांबले न्हाईत."

२

दुसऱ्या दिवशी निता आखाड्यावर पोचली तेव्हा निम्मं गाव अंगणात जमलं होतं. शेजारच्या शेताचे मालक उत्तमराव सगळ्यांच्या वतीनं बोलायला पुढं झाले. त्यांनी चोर कधीच ठरवून टाकला होता. गुलाबसिंगचा मुलगा दिपक त्या दुपारी मळणीयंत्रासाठी डिझेल आणायला म्हणून सेनगावला गेला आणि फार उशिरा परत आला. अंगानं उंच आणि सडपातळ, एक चोरही तसाच होता म्हणे. शिवाय पोरगं तांड्यावरचं. हे शेवटचं उत्तमराव नितासमोर जरा खालच्या आवाजात बोलले.

"पकडायला उशीर काहून म्हणून राहिलेत लोकं," ते म्हणाले. "म्याडम आपल्या माणसाला वाचवून राहिल्या, असं बोलतेत. मी न्हाई, लोकं."

"लोकांना सांगा, मी सोन्याच्या मागं हाये, जातीच्या न्हाई," निता म्हणाली आणि आत गेली.

दिपकला तिनं आधीच ठाण्यात बोलावून बसवून ठेवलं होतं. आठवडी बाजाराच्या गर्दीत पंपावर रांग होती, एवढंच तो सांगत होता. खरं असेल, नसेल. निताला तो प्रश्न आत्ता नको होता. तिला आधी बंदुकीचं काय झालं ते हवं होतं.

वैजनाथनं ते सविस्तर सांगितलं. दुनळी त्याच्या आजोबांची, शिकारीची. शिकार बंद झाली तरी रानडुकरांपासून पिकं राखायला म्हणून परवाना टिकवला होता. गेल्या पावसाळ्यात पलीकडच्या शिवारात एका आखाड्यावर दरोडा पडला, म्हातारा-म्हातारीला मारहाण झाली, आणि तेव्हापासून तातेरावांच्या डोक्यानं घेतलं की ही बंदूक आता रानासाठी नाही, घरासाठी पाहिजे. रानात जी लांबी कामाची ती घरात नडायची. वळताना नळी दाराच्या चौकटीला लागायची. दस्ता खांद्याला लांब पडायचा आणि धक्का तर असा, की दुखरा खांदा आठवडाभर वर व्हायचा नाही.

म्हणून दसऱ्याच्या सुमारास तिघं नांदेडला बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका परवानाधारक उस्तादकडं गेले. तातेराव, वैजनाथ आणि गाडी चालवायला प्रमोद. प्रमोद हा द्वारकाबाईंच्या भावाचा मुलगा. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हापासून आत्याकडंच वाढला. आता वसमतला हळदीच्या एका व्यापाऱ्याकडं कामाला होता. तातेरावांचं म्हणणं होतं की नळ्याच कापून आखूड करा. उस्तादनं साफ नकार दिला. तो गुन्हा आहे, तुमचा परवाना जाईल आणि माझंही दुकान जाईल, असं त्यानं सांगितलं. त्याऐवजी त्यानं दस्त्याचं लाकूड तातेरावांच्या हाताच्या मापानं कमी केलं, मागं रबराची गादी बसवली, नळीखाली बॅटरी लावली. आधी उजेड पाडा, माणूस बघा, मगच चाप, असं त्यानं दोनदा बजावलं होतं.

"मग बाबांचं रोजचंच झालं," वैजनाथ म्हणाला. "संध्याकाळी जेवणाआधी बंदूक मधोमध मोडून उघडून बघायचे. दोन पितळी चकत्या दिसल्या की मिटवायची, खुंटीला लावायची अन् मग ताटावर बसायचं. आदल्या दिवशी बी बघितली होती. माझ्यासमोर. भरलेली होती."

"काडतुसं किती हायेत घरात?"

"दहाच घेतली होती. एक बी उडवलं न्हाई आजवर. दोन बंदुकीत, बाकी कपाटात डब्यात."

चोरांनी कपाट उचकलं होतं, पण डब्याला हात लावला नव्हता. वैजनाथनं तो काढून नितासमोर ठेवला आणि तिनं काडतुसं एकेक करून चादरीवर मांडली. मांडता मांडता वैजनाथचा चेहरा उतरत गेला. डब्यात दहा काडतुसं होती. सगळीच्या सगळी.

"मग बंदुकीत काय होतं?" निता म्हणाली.

वैजनाथनं डबा हातात घेतला, उलटा केला, आत बोटं घालून पाहिलं. त्याला काहीतरी आठवलं होतं आणि ते सापडत नव्हतं.

"उस्तादनं आणखी दोन दिली होती," तो म्हणाला. "खोटी. घरात सराव करायला. रिकाम्या पुंगळ्यांत लाकूड भरलेलं, बुडाला तशीच चकती. ह्याच डब्यात होती ती."

३

जमादारांनी बंदूक तपासली. चाप, घोडे, सगळं बरोबर होतं. म्हणजे उस्तादचा दोष नव्हता. तातेरावांनी खोट्या काडतुसांवर चाप ओढला होता, आणि चोर समोर रोखलेल्या दुनळीच्या अंगावर चालत आले होते, कारण त्यांना ते माहीत होतं.

जीपमध्ये बसून नांदेडला जाताना निता यावर विचार करत होती. जमादारांचं मत असं की घरातलाच कोणी चोरांना फितूर. त्यानंच आधी बंदुकीत खोटी काडतुसं घातली.

"फितूर माणूस खोटी काडतुसं कशाला घालील?" निता म्हणाली. "तो खरी काढून घेईल आणि खिशात घालील. काम झालं. रोज संध्याकाळी म्हातारा बंदूक उघडून बघतो, त्याला दोन चकत्या दिसाव्यात, त्याचं मन शांत राहावं अन् तो सुखानं जेवावा, एवढी काळजी चोर करत न्हाई, जमादार. खरी काडतुसं तर जिथल्या तिथं डब्यात ठेवलीत. ही घरातल्या बाईमाणसाची रीत हाये."

"म्हणजे सून?"

"कपाटाची किल्ली सुनेकडं नसते. ती कोणाच्या कमरेला असते ते तुमी बी बघितलंय."

द्वारकाबाई दवाखान्याच्या मागच्या व्हरांड्यात पायरीवर बसल्या होत्या. शेजारी प्रमोद डबा उघडून आत्यानं दोन घास खावेत म्हणून विनवत होता. पोलिस आलेले बघून तो उठला. मामासाठी, म्हणजे तातेरावांसाठी, औषधं आणायची आहेत म्हणून निघून गेला. दोन दिवस तोच धावपळ करत होता. त्याचे डोळे जागरणानं लाल झाले होते.

निता पायरीवर त्यांच्याशेजारी टेकली. तिनं आडवळण घेतलं नाही. "मावशी, खोटी काडतुसं तुमी घातली ना?"

द्वारकाबाईंनी पदर तोंडाशी नेला. त्या रडतील असं निताला वाटलं होतं, पण त्या रडल्या नाहीत. त्यांनी मान हलवली.

मग त्यांनी जे सांगितलं ते गावाला माहीत असलेल्या एका गोष्टीची दुसरी बाजू होती. दिवाळीनंतर एका संध्याकाळी तातेरावांनी गोठ्याजवळ चोराला पळवलं, ही हकिगत त्यांनी स्वतः गावभर सांगितली होती. बंदूक रोखली, ओरडलो, आणि चोर अंधारात धूम पळाला. त्या दिवसापासून म्हातारा ताठ चालायला लागला होता. खरं म्हणजे तिथं चोर नव्हता. गुलाबसिंगची बायको भिकाबाई डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन गोठ्याकडं चालली होती. तातेरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. बॅटरी लावायचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही. त्यांचं बोट चापावर होतं आणि भिकाबाई पेंढी टाकून पळाली म्हणून वाचली. द्वारकाबाईंनी ते मागच्या दारातून पाहिलं होतं.

"त्यायला सांगाया गेले तर म्हणले, तुला काय समजतं. डोळे दाखवा म्हणलं, तर आठ दिवस बोलले न्हाईत. बंदूक इकू द्यायचे न्हाईत. मंग काय करू? मेली असती ती. हातून खून झाला असता त्यायच्या."

"अन् तुमी काडतुसं बदलली. कोणाला सांगितलं?"

"भिकाबाईला. ती वर यायलाच तयार नव्हती. तिला म्हणलं, आता ये बिनघोर."

"आणखी कोणाला?"

"कोणालाच न्हाई."

हे त्या फार लवकर म्हणाल्या. निताच्या ते लक्षात आलं. तिनं आणखी एकच गोष्ट विचारली. बंदूक उघडायची कशी, हे त्यांना कोणी शिकवलं?

द्वारकाबाई व्हरांड्याच्या टोकाकडं बघत राहिल्या. बंदुकीला आपण जन्मात हात लावला नव्हता, एवढंच त्या म्हणाल्या.

जमादार जीपजवळ वाट बघत होते. भिकाबाईचं नाव ऐकलं आणि त्यांनी सुस्कारा टाकला. "म्हणजे तांड्यावर माहीत होतं, म्याडम. भिकाबाई म्हणजे दिपकची माय. आता कसं?"

४

तांडा टेकडीच्या उतरणीला होता. पंचवीसेक घरं, मधे सेवालाल महाराजांचं छोटं देऊळ आणि पांढरा झेंडा. भिकाबाई दारात तूर पाखडत होती. मुलाला ठाण्यात बसवणारी फौजदारीण आपल्या अंगणात आलेली बघून तिनं सूप खाली ठेवलं, पण उठली नाही.

"याडी," निता म्हणाली. बंजाऱ्यांत आईला तसंच म्हणतात. भिकाबाईनं मान वर करून तिच्याकडं नीट पाहिलं आणि मग बाजेकडं हात केला.

भिकाबाईनं गोठ्याजवळची गोष्ट नाकारली नाही. मालकांनी रोखली होती, आपण पळालो, गुडघा फुटला. नवऱ्याला मात्र तिनं आजपर्यंत सांगितलं नव्हतं. गुलाबसिंगनं त्या आखाड्यावर आयुष्य काढलं होतं. त्याला कळलं असतं तर त्यानं एक तर काम सोडलं असतं, नाही तर मालकाची गचांडी धरली असती. दोन्हींतून घराचं वाटोळंच झालं असतं. गुडघा फुटला तो दगडावर पडून, असं तिनं सांगून टाकलं.

"दिपकला?"

"बापाला न्हाई सांगितलं तर पोराला कशाला सांगू?"

निता थोडी पुढं सरकली. "आता मला एक गोष्ट बराबर सांग. मालकिणीनं तुला काय सांगितलं? तिचेच शब्द सांग. तुझ्या मनाचे नको."

भिकाबाई आठवत राहिली. शेंगांचा कोंडा वाऱ्यानं तिच्या पायाशी गोळा होत होता.

"म्हणली, भिका, बंदूक रिकामी केली. गोळ्या काढून कपाटात ठेवल्या. आता खुशाल ये."

"रिकामी केली म्हणली?"

"व्हय. रिकामी."

"अन् दुसरं काही आत घातलं, असं?"

"काय घातलं?" भिकाबाईनं विचारलं. तिच्या चेहऱ्यावर खरोखरच काही नव्हतं. "रिकामी म्हणजे रिकामीच ना?"

निता उठली. तिला हवं ते मिळालं होतं. गाडीत बसल्यावर जमादारांनी विचारलं की दिपकचं काय करायचं. निता म्हणाली, त्याला घरी सोडा, आणि सोडताना गावातल्या चौकातून सोडा, सगळ्यांना दिसेल असा.

"अन् चोर?"

"चोर डबे पोचवून राहिला," निता म्हणाली.

५

तातेराव आता उशीला टेकून बसत होते. त्यांना झोप लागली होती, म्हणून निता सगळ्यांना घेऊन मागच्या व्हरांड्यात गेली. द्वारकाबाई, वैजनाथ आणि प्रमोद. दुपारची वेळ होती. खाली रिक्षांचा आवाज चालला होता.

तिनं ते फार साध्या पद्धतीनं मांडलं, शेताची वाटणी समजावून सांगावी तसं.

चोर थांबले नाहीत. म्हणजे बार होणार नाही हे त्यांना माहीत होतं. हे कोणाकोणाला माहीत असू शकतं? द्वारकाबाईंना, कारण काडतुसं त्यांनी बदलली. इथं वैजनाथनं आईकडं वळून बघितलं, पण निता थांबली नाही. दुसरी भिकाबाई. तिच्यामार्फत तिच्या घरच्यांना कळलं असं धरू. पण भिकाबाईला एवढंच सांगितलं होतं की बंदूक रिकामी आहे. खोटी काडतुसं हा शब्दही तिनं ऐकला नव्हता.

"आता बघा," निता म्हणाली. "ज्याला वाटतं बंदूक रिकामी, तो चापाचा आवाज ऐकील, म्हाताऱ्याला बाजूला करील, सोनं घेईल अन् जाईल. रिकामी बंदूक उघडून कोण बघतं? पण आपल्या चोरानं ती उघडली. पळायची घाई असताना उघडली, आतली दोन काडतुसं काढली अन् बंदूक तिथंच टाकली. म्हणजे आत काय हाये ते त्याला ठाऊक होतं. अन् ते पोलिसांच्या हाती लागलं तर बोट कोणाकडं जाईल, ते बी ठाऊक होतं."

प्रमोद कठड्याला टेकून उभा होता. हातातली औषधाची पिशवी तो बोटाभोवती गुंडाळत होता.

"मावशी सोडल्या तर खोटी काडतुसं हायेत हे माहीत असलेली माणसं तीनच. जी उस्तादकडं गेली ती. तातेरावांनी त्यांच्यावर जीव पणाला लावला, म्हणजे त्यांना बदललेलं माहीत न्हाई. वैजनाथनं माझ्यासमोर डबा स्वतः काढून दिला. त्याला माहीत असतं तर डबा त्यानं मला दाखवलाच नसता. उरला एक."

"अंदाजावर माणूस धरता का, म्याडम?" प्रमोद म्हणाला. आवाज शांत ठेवायचा त्यानं चांगला प्रयत्न केला. "मी दोन दिवस झाले मामाच्या उशाशी हाये. हे सगळे बघून राहिले."

"अंदाजावर न्हाई," निता म्हणाली. "साक्षीवर."

आणि ती द्वारकाबाईंकडं वळली. तिच्याकडं दुसरं काही नव्हतं, हे तिला माहीत होतं. सोनं अजून सापडलं नव्हतं. मोटारसायकलचा नंबर कोणी पाहिला नव्हता. सगळी गोष्ट या बाईच्या एका वाक्यावर उभी होती, आणि तरीही निताला शंका वाटत नव्हती. जिनं एका मजुरणीचा जीव वाचवायला नवऱ्याशी लबाडी केली, ती त्या मजुरणीच्या पोराला तुरुंगात जाऊ देणार नाही, एवढं तिला त्या बाईबद्दल कळलं होतं.

"मावशी, दिपकचं नाव गावानं घेतलं हे तुमाला ठाऊक हाये. त्याला आज सोडला. पण खरं नाव बाहेर येत न्हाई तोवर तो सुटला असं कोणी म्हणणार न्हाई. बंदूक कशी उघडायची, ते तुमाला कोणी दाखवलं?"

द्वारकाबाईंनी आधी वैजनाथकडं पाहिलं, मग प्रमोदकडं.

"तूच म्हणला होतास, पम्या," त्या म्हणाल्या. "आत्या, काढून ठेवलीस तर मामाला कळंल. ती खोटी घाल, म्हणजे झालं. तूच बंदूक मोडून दाखवलीस. मी तुला म्हणलं, लई गुणाचं लेकरू हाये माझं."

प्रमोदनं पिशवी कठड्यावर ठेवली. तो पळाला नाही, ओरडला नाही. तो खाली बसला, आत्याच्या पायरीपासून जरा लांब.

मग सगळं बाहेर आलं. त्या कपाटातल्या सोन्यात त्याच्या आईचे दागिने होते. द्वारकाबाईंनी ते भावजयीच्या मरणानंतर त्याच्या लग्नासाठी जपले होते. प्रमोदला वसमतमध्ये हळद दळायची स्वतःची गिरणी टाकायची होती. त्यानं दागिने मागितले, मामा म्हणाले लग्न झाल्यावर. पुन्हा मागितले, पुन्हा तेच. आपलंच आहे ते घ्यायला काय हरकत, असं त्याला वाटत गेलं. आणि बंदूक तर आपल्याच सांगण्यानं मुकी झालेली. कोणाला इजा होणार नाही असं त्यानं धरलं होतं. सोबत वसमतचा एक हमाल होता. बंदूक हिसकावून घाव घातला तो त्या हमालानं.

"माझ्या आईचंच नेत होतो, आत्या," तो म्हणाला.

"मग माझं काहून नेलंस?" द्वारकाबाईंनी विचारलं. "पुनमचं काहून नेलंस?"

जमादार पुढं झाले. संध्याकाळपर्यंत तो हमाल सापडला आणि सोनंही सापडलं. लाकूड भरलेली दोन लाल काडतुसं प्रमोदनं एका विहिरीत टाकली होती. ती मात्र मिळाली नाहीत.

६

तातेरावांना घरी न्यायच्या दिवशी निता मुद्दाम दवाखान्यात गेली. जबाब घ्यायचा राहिला होता, आणि त्यांना काय काय सांगितलं आहे हेही बघायचं होतं. प्रमोदबद्दल त्यांना माहीत होतं. बंदुकीबद्दल कोणीच तोंड उघडलं नव्हतं. द्वारकाबाईंनी औषधांच्या चिठ्ठ्यांची तिसऱ्यांदा घडी केली.

"मी सांगू का?" नितानं विचारलं.

"न्हाई," द्वारकाबाई म्हणाल्या. "केलं मी, तर सांगते बी मीच."

आणि त्यांनी सांगितलं. काडतुसांपासून नाही, गोठ्यापासून सुरुवात केली. भिकाबाई, कडब्याची पेंढी, चापावरचं बोट. तातेराव ऐकत राहिले. गेले दोन महिने गावभर सांगितलेला तो पळालेला चोर त्यांच्या डोळ्यांसमोर भिकाबाई होत गेला, आणि ते बघणं निताला जड गेलं. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, ती खरंच भिका होती का. द्वारकाबाई हो म्हणाल्या.

वैजनाथ गाडी दाराशी लावून आला तरी तातेराव बसूनच होते. शेवटी ते बायकोचा हात धरून उठले.

"बरं केलंस," ते म्हणाले. "मला न्हाई विचारलंस ते बरं केलंस."

जीप पुढं आणि वैजनाथची गाडी मागं, अशी दोन्ही वाहनं निघाली. चिंचाळवाडीच्या फाट्यावर आखाड्याकडं वळायच्या जागी तातेरावांनी गाडी सरळ घ्यायला सांगितली. निताच्या जीपला मागून हॉर्न दिला गेला. तिनं ओळखलं आणि तीही त्यांच्या मागं तांड्यावर गेली.

गुलाबसिंग आणि दिपक अंगणात होते. मालक डोक्याला पट्टी बांधून, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून दारात आलेले बघून गुलाबसिंग घाईनं बाज झटकायला धावला. भिकाबाई आतून आली आणि उंबऱ्यातच थांबली. तिनं नजर खाली घातली. तातेराव बसले नाहीत.

"गुलाबसिंग," ते म्हणाले, "दिवाळीनंतर म्या चोर पळवला म्हणत होतो ना, तो चोर न्हवता. तुझी बायको होती. म्या तिच्यावर बंदूक धरली होती."

गुलाबसिंगनं बायकोकडं पाहिलं. तिच्या गुडघ्याकडं पाहिलं. दिपक एक पाऊल पुढं आला, पण बापानं हात आडवा केला. निता अंगणाच्या कडेला उभी होती. मधे पडायची वेळ आली तर पडायला तयार होती, पण पडली नाही.

"किती लांबून?" गुलाबसिंगनं विचारलं.

"ह्या बाजेपासून त्या उंबऱ्यापर्यंत."

गुलाबसिंगनं ते अंतर डोळ्यांनी मोजलं. मग बाज झटकून झाली होती तरी त्यानं ती पुन्हा एकदा झटकली.

"मालक," तो म्हणाला, "ती बंदूक आखाड्यावर परत आली तर मी येणार न्हाई. पोरगं बी न्हाई. हे मी आज सगळ्यांच्या म्होरं सांगतो."

"येणार न्हाई," तातेराव म्हणाले. "परवाना जमा करून टाकतो. म्याडम उभ्या हायेत हितं, त्यायच्या म्होरं सांगतो. अन् पुढल्या आठवड्यात डोळ्याचं ऑपरेशन करून घेतो."

मग ते भिकाबाईकडं वळले. तिला काय म्हणायचं ते त्यांनी वाटेत ठरवलं असावं, पण तोंडातून ते निघेना. ओठ दोनदा हलले. भिकाबाईनं त्यांना तसंच उभं राहू दिलं. तिनं घाई केली नाही आणि त्यांना मदतही केली नाही.

"चुकलो गं, भिका," शेवटी ते म्हणाले.

भिकाबाईनं मान हलवली. मग ती द्वारकाबाईंना हाताला धरून आत घेऊन गेली आणि बाहेरच्या माणसांना बसायला सांगून चुलीवर चहाचं आधण ठेवलं.